आपत्तीत फोन, रेडिओ आणि इंटरनेट कसे टिकतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूकंप, चक्रीवादळ, महापूर, वणवा. आपत्ती कोणतीही असो, पहिल्या तासात माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात : आपली माणसे सुखरूप आहेत हे कळावे, आणि आता काय करायचे ते कोणीतरी खात्रीने सांगावे. दोन्हीसाठी संपर्क लागतो, आणि नेमका तोच तुटलेला असतो. तो का तुटतो, तुटू नये म्हणून काय करतात आणि तुटलाच तर हाताशी काय उरते, याबद्दल लोक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

नेटवर्क जाते म्हणजे टॉवर कोसळतात का?

काही कोसळतात, पण फार थोडे. बहुतेक ठिकाणी टॉवर ताठ उभा असतो आणि त्याच्या पायथ्याची बॅटरी संपलेली असते. ऑस्ट्रेलियात २०१९-२०च्या उन्हाळ्यात भीषण वणवे लागले, तेव्हा तिथल्या नियामक संस्थेने बंद पडलेल्या दूरसंचार केंद्रांची कारणे तपासली. आगीत प्रत्यक्ष जळाल्यामुळे बंद पडल्याच्या घटना होत्या फक्त १ टक्का. ८८ टक्के घटनांचे कारण एकच होते : वीजपुरवठा गेला.

हा आकडा डोक्यात पक्का बसला की या विषयातले बाकी बरेच आपोआप उलगडते. संपर्क टिकवणे म्हणजे आधी वीज टिकवणे. त्यानंतर टॉवरला बाकीच्या जगाशी जोडणारी वाट टिकवणे. आणि या दोन्ही शाबूत राहिल्या, तर एकाच वेळी तुटून पडणारी गर्दी सांभाळणे.

लाइट गेल्यावर टॉवरचे नेमके काय होते?

पहिल्या क्षणी काहीच नाही. टॉवरच्या पायथ्याशी लोखंडी कपाटात रेक्टिफायर असतो. तो बाहेरून येणाऱ्या विजेचे ४८ व्होल्ट डीसीत रूपांतर करतो, त्यावर यंत्रणा चालवतो आणि शेजारच्या बॅटऱ्या भरत ठेवतो. वीज गेली की भार अलगद बॅटऱ्यांवर येतो. फोनवर बोलणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर मात्र त्या साइटचा, म्हणजे टॉवरच्या ठिकाणाचा, अलार्म येतो आणि तिथून वेळ मोजायला सुरुवात होते.

बॅटऱ्या धडधाकट असतील तर चार ते आठ तास निघतात. उन्हात तापून, वर्षानुवर्षे न बदलता कमजोर झालेल्या असतील तर तासाभरातच दम सुटतो. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली उतरले की यंत्रणा स्वतःच भार तोडते, कारण बॅटरी त्याहून खाली रिकामी झाली तर ती कायमची खराब होते. काही ठिकाणी आधी जास्त वीज खाणारा वेगवान डेटा बंद करतात आणि साधे कॉल, एसएमएस शेवटपर्यंत चालू ठेवतात. ही शहाणपणाची रचना आहे, आणि खरे तर ती सगळीकडे असायला हवी.

एक साइट बंद पडली की तिचे फोन शेजारच्या टॉवरला चिकटतात. त्याचा भार वाढतो, त्याची बॅटरी अधिक वेगाने उतरते. म्हणून काही तास सगळे सुरळीत दिसते आणि मग एकामागून एक टॉवर मालवत जातात.

जनरेटर असला तर तो सुरू होतो, पण त्याला डिझेल लागते. टॉवरवरचा लहान जनरेटर तासाला दोन-तीन लिटर पितो. एका साइटसाठी ही काही फार मोठी गोष्ट नाही. पण साइट शेकड्यांनी असतात, रस्त्यांवर झाडे पडलेली असतात, पूल पाण्याखाली असतात आणि रुग्णालयांनाही तेच डिझेल हवे असते. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळ प्वेर्तो रिकोवरून गेले. दुसऱ्या दिवशी तिथल्या ९५ टक्क्यांहून अधिक मोबाइल साइट बंद होत्या. बेटाची वीजवाहिन्यांची सगळी व्यवस्थाच झोपली होती, त्यामुळे दुरुस्ती महिनोन्‌महिने चालली.

रेंज पूर्ण दिसते, तरी फोन का लागत नाही?

रेंजच्या काड्या एवढेच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत पोहोचतो आहे. टॉवरकडे तुमच्यासाठी जागा आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. प्रत्येक बोलणाऱ्यासाठी टॉवरला आपल्या क्षमतेचा एक तुकडा कॉल संपेपर्यंत राखून ठेवावा लागतो. आणि ही क्षमता नेहमीच्या दिवसातली गर्दीची वेळ धरून ठरवलेली असते. सगळ्यांनी एकाच मिनिटात फोन उचलावा, या हिशेबाने कोणतेही नेटवर्क बांधलेले नसते.

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा एका मोठ्या मोबाइल कंपनीकडे नेहमीच्या ५० ते ६० पट कॉल येऊन आदळले. सगळी यंत्रणाच गुदमरू नये म्हणून तिथल्या कंपन्यांनी ७० ते ९५ टक्के कॉल दारातच अडवले. डेटावरचे निर्बंध मात्र त्यामानाने खूपच सौम्य होते. त्यामुळे फोन लागत नव्हता, पण ईमेल आणि मेसेज उशिरा का होईना, जात होते.

यातले मर्म असे की मेसेजला वाट पाहता येते. कॉल त्या क्षणी लागला नाही तर फुकट जातो. एसएमएस मात्र मधल्या केंद्रात थांबतो, जागा मिळाली की पुढे सरकतो, आणि समोरचा फोन बंद असेल तर तो चालू होईपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो.

अशा वेळी मी फोन कसा वापरावा?

आधी एसएमएस करा. तो छोटा ठेवा. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यापुढे गेलात की एकाचे दोन-तीन मेसेज होतात आणि गर्दीत त्यातला एखादा तुकडा मागे राहतो. “आम्ही चौघे सुखरूप. शाळेत आहोत. सकाळी ८ ला पुन्हा कळवतो.” एवढे पुरते. पुढची वेळ सांगून ठेवली म्हणजे समोरचा माणूस मधल्या काळात वीस वेळा फोन लावत बसत नाही. माझ्या मते या मेसेजमधला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

फोन लागला नाही की लगेच रीडायल करण्याचा मोह होतो. तो आवरा. प्रत्येक फसलेला प्रयत्नही नेटवर्कचे काम वाढवतोच, आणि तुमच्यासारखेच लाखो लोक तेच करत असतात. दृश्ये, व्हिडिओ नंतर पाठवता येतात.

घरातल्या सगळ्यांनी निरोप द्यायचा असा एक माणूस आधीच ठरवून ठेवा आणि तो दूरच्या शहरातला असू द्या. आपत्तीच्या भागातल्या भागात कॉल लागत नाहीत, पण बाहेर मेसेज जातो, असे वारंवार घडते. जपानमध्ये यासाठी सार्वजनिक सोयच आहे. १९९५च्या कोबे भूकंपातून धडा घेऊन १९९८ मध्ये त्यांनी १७१ हा क्रमांक सुरू केला. त्यावर आपल्या फोन नंबरसाठी आवाजातला निरोप ठेवता येतो आणि नातेवाइकांना तोच नंबर दाबून तो ऐकता येतो. निरोपाची मर्यादा ३० सेकंदांची आहे.

बॅटरी जपा. रेंज अंधूक असली की फोन टॉवर शोधत राहतो आणि जास्त जोराने प्रक्षेपण करतो, म्हणून अशा दिवशी तो नुसता खिशात असूनही झपाट्याने उतरतो. रेंज अजिबात नसेल तर फ्लाइट मोडवर टाका आणि ठरलेल्या वेळी काही मिनिटे चालू करा. मात्र इशाऱ्याची वाट पाहत असाल, तर फ्लाइट मोड नको. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेवा. फोन बंद पडल्यावर आपल्याच माणसांचे नंबर आठवत नाहीत, हे तेव्हाच लक्षात येते.

मोबाइलवर अचानक कर्कश वाजणारा इशारा हा एसएमएसच असतो का?

नाही. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एसएमएस प्रत्येक नंबरला वेगळा पाठवावा लागतो, म्हणजे दहा लाख लोकांसाठी दहा लाख मेसेज. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर एकदाच घोषणा करतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन ती ऐकतात. कोणाचाही नंबर माहीत असण्याची गरज नाही, बाहेरगावाहून आलेल्या माणसालाही तो मिळतो, आणि कॉल जाम झालेले असले तरी ही वाट मोकळी असते. नेदरलँड्समध्ये ही सोय २०१२ पासून आहे. ब्रिटनने एप्रिल २०२३ मध्ये देशभर चाचणी घेतली. भारतातही त्याच वर्षी अशा चाचण्या झाल्या.

मर्यादा दोन. टॉवर जिवंत असला पाहिजे. म्हणजे वादळ येण्याआधी हे साधन फार गुणाचे, वादळ गेल्यावर भरवशाचे नाही. दुसरे म्हणजे मजकूर कामाचा हवा. “सतर्क राहा” वाचून कोणी घर सोडत नाही. कोणत्या भागाने, किती वाजेपर्यंत, कुठे जायचे, हे लोकांना कळणाऱ्या भाषेत लिहिले असेल तरच माणसे हलतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२७ अखेरपर्यंत जगातल्या प्रत्येकापर्यंत पूर्वसूचना पोहोचवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. टॉवर आणि उपग्रह लागतीलच, पण त्यात नीट लिहिलेल्या चार ओळींचा वाटाही मोठा असेल.

गर्दीत बचाव पथकांचे फोन आधी लागावेत अशी सोय असते का?

असते. ठरावीक सिमना नेटवर्क प्राधान्य देते. कॉल रांगेत पुढे घेतला जातो, काही यंत्रणांमध्ये गरज पडल्यास दुसऱ्याचा कॉल तोडूनही जागा केली जाते. शिवाय अनेक देशांत पोलीस आणि अग्निशमन दलाचे स्वतंत्र रेडिओ नेटवर्क असते.

पण प्राधान्य देणे आणि बाकीच्यांना बंद करणे यांत फरक आहे. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हा अल्डगेट भागात एका कंपनीचे नेटवर्क काही तास फक्त नोंदणीकृत आपत्कालीन फोनसाठी राखून ठेवले गेले. अडचण अशी झाली की मदतकार्यातल्या अनेकांकडे तसे नोंदवलेले फोनच नव्हते. नागरिकांचे फोन बंद झाले आणि काम करणाऱ्यांपैकीही बरेच जण तुटले. यादी आधी नीट केलेली नसेल, तर प्राधान्याची व्यवस्था उलटीच पडते.

माझ्या कंपनीचा टॉवर बंद आहे, शेजारी दुसऱ्या कंपनीचा चालू आहे. तो वापरता येत नाही का?

तांत्रिकदृष्ट्या सहज येतो. परदेशात गेल्यावर आपण तेच करतो. देशांतर्गत रोमिंग उघडायला कंपन्यांमध्ये आधी करार, चाचण्या आणि सरकारचा आदेश लागतो. युक्रेनमध्ये मार्च २०२२ मध्ये कंपन्यांनी एकमेकांची नेटवर्क सगळ्या ग्राहकांना खुली केली. भारतात चक्रीवादळाच्या वेळी बाधित जिल्ह्यांत अशी मुभा दिली जाते. एक धोका मात्र आहे : जिवंत राहिलेल्या टॉवरवर सगळ्यांचाच भार येतो आणि तोही गुदमरू शकतो. म्हणून ही मुभा कॉल-मेसेजपुरती ठेवणे अनेकदा बरे.

आपत्कालीन क्रमांकाचे वेगळे आहे. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी मोबाइल ११२सारखा आपत्कालीन कॉल मिळेल त्या नेटवर्कवरून लावतो. म्हणून “फक्त आपत्कालीन कॉल” असे दिसत असेल, तर गरज पडल्यास जरूर प्रयत्न करा.

इंटरनेटला म्हणे अनेक वाटा असतात. मग एका केबलने सगळे बंद कसे पडते?

नकाशावर वाटा अनेक असतात, जमिनीवर त्या बरेचदा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. नदीवर पूल एकच असतो, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर त्याच पुलाच्या कडेने जातात. एखादी संस्था दोन कंपन्यांची जोडणी घेऊन निर्धास्त होते, पुरात पूल वाहून जातो आणि दोन्ही एकाच क्षणी तुटतात. म्हणून जोडणी घेताना कंपनीचे नाव विचारून भागत नाही. केबल कोणत्या रस्त्याने येते, इमारतीत कुठून शिरते आणि कोणत्या केंद्रावर संपते, हे विचारावे लागते. उत्तर टाळले तर दुसरी वाट नाहीच असे धरून चालावे. शक्य असेल तर एक वाट जमिनीखालून आणि दुसरी मायक्रोवेव्ह (टॉवर ते टॉवर जाणाऱ्या रेडिओलहरी) किंवा उपग्रहाची ठेवावी.

देशाच्या पातळीवरही हेच घडते. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि देशाला जगाशी जोडणारी एकमेव केबल तुटली. ती जोडायला पाच आठवडे लागले. २००६च्या डिसेंबरात तैवानजवळच्या भूकंपाने समुद्रतळाशी दरडी घसरल्या आणि एकाच टापूतून जाणाऱ्या नऊ केबल तुटल्या.

एकाच इमारतीवर भिस्त ठेवणेही असेच महागात पडते. २५ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात दूरसंचार केंद्राबाहेर स्फोट झाला. इमारत उभी राहिली. वीज गेली, जनरेटर चालू शकले नाहीत, बॅटऱ्यांवर काही तास निघाले आणि मग दूरदूरच्या गावांतलेही आपत्कालीन क्रमांक बंद पडले.

सॅटेलाइट फोन घेतला की प्रश्न मिटला का?

बराचसा मिटतो, पूर्ण नाही. त्याला मोकळे आकाश लागते. तळघरात, दाट इमारतींत तो चालत नाही. बॅटरी भरलेली आणि वर्गणी चालू हवी, नाहीतर कपाटातल्या डब्यातून तो बाहेर येतो आणि तिथेच काम अडते. अनेक देशांत परवाना लागतो. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी थांबल्यासारखे दिसणारे, उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्यामुळे बोलण्यात जाणवेल इतका खंड पडतो. इरिडियम या सॅटेलाइट फोन सेवेचे ६६ उपग्रह साधारण ७८० किलोमीटरवर असतात, तिथे तो अगदीच कमी. २०२२च्या अखेरीपासून काही नेहमीच्या स्मार्टफोनमधूनही उपग्रहामार्गे संकटाचा मेसेज पाठवता येऊ लागला, आणि दुर्गम भागात अडकलेल्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मदत पथकाला फोनपेक्षा उपग्रहाची लहान डिश अधिक उपयोगी पडते. तिच्यावर वायफाय उभे केले की अख्ख्या छावणीला मेसेज करता येतात. अशी उपकरणे सीमेवर कस्टम आणि परवान्यांत अडकू नयेत म्हणून १९९८ मध्ये टँपेरे करार झाला. तो २००५ मध्ये अमलात आला.

हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोक चालवतात तो रेडिओ, आजही उपयोगाचा आहे का?

नक्कीच आहे, आणि त्याचे कारण सोपे आहे : दोन संचांच्या मध्ये दुसरे काहीच लागत नाही. टॉवर नाही, केबल नाही, कंपनी नाही. कारची बॅटरी, एक संच आणि झाडाला बांधलेली तार एवढ्यावर काम होते. सात मेगाहर्ट्‌झच्या आसपासची लहर जवळजवळ उभी वर सोडली तर ती आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून काहीशे किलोमीटरच्या परिसरात उतरते. डोंगरामागच्या खोऱ्याशी बोलायला याहून स्वस्त साधन नाही.

डिसेंबर २००४ मध्ये हौशी रेडिओचालकांची एक तुकडी खास परवानगी घेऊन पोर्ट ब्लेअरला आली होती. २६ तारखेला त्सुनामी आली, अंदमानचे फोन बंद पडले. त्याच संचांवरून मुख्य भूमीशी संपर्क सुरू झाला आणि नातेवाइकांचे निरोप जाऊ लागले.

संचापेक्षाही मोलाची असते ती शिस्त. एक केंद्र नियंत्रण करते, ते बोलावेल त्यानेच बोलायचे. प्रत्येक निरोपाला क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणासाठी. ऐकणारा तो लिहून घेतो आणि शब्दन्‌शब्द परत वाचून दाखवतो. आकडे सुटे सांगतात. खरखरीत ‘पासष्ट’ आणि ‘सदुसष्ट’ सारखेच ऐकू येतात, म्हणून “सहा, पाच”. औषधाचे नाव अक्षर-अक्षर फोडून. हे संथ वाटते, पण चुकीच्या औषधाची पेटी हेलिकॉप्टरने पोहोचण्यापेक्षा दोन मिनिटे जास्त गेलेली बरी.

यासाठी परीक्षा आणि परवाना लागतो, आणि तो शांततेच्या दिवसांतच मिळवायचा असतो.

साध्या रेडिओचे काय?

घरात एक असू द्या, सेलवर चालणारा. एक प्रक्षेपक मोठा टापू व्यापतो, ऐकणारे कितीही वाढले तरी जाम होत नाही. उलट निरोप देता येत नाही, एवढेच.

आमच्या रुग्णालयाने किंवा कार्यालयाने काय तयारी करावी?

आधी तळघरात जा आणि काय काय ठेवले आहे ते पाहा. २०१२ मध्ये ‘सँडी’ वादळात न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये समुद्राचे पाणी दूरसंचार केंद्राच्या तळघरात शिरले. जनरेटरला इंधन पुरवणारे पंप तिथेच होते. यंत्र वर कोरडे आणि पंप खाली पाण्यात, अशी रचना आजही अनेक इमारतींत सापडेल.

मग मुख्य स्विच खरोखर पाडून पाहा. रिकामा जनरेटर दहा मिनिटे फिरवून “ठीक” असा शेरा मारणे ही चाचणी नव्हे. पूर्ण भार टाकून काही तास चालवा. राउटर, टेलिफोन एक्स्चेंज आणि स्विचबोर्डवरचा दिवा या तिन्ही गोष्टी बॅकअपवर आहेत का, हे तेव्हाच समजते. बहुधा राउटर राहून गेलेला असतो.

नेटवर्क परत उभे करताना आधी कुठले करतात?

वीज आणि फायबरचा कणा आधी, कारण त्याशिवाय टॉवर दुरुस्त करून उपयोग नाही. मग रुग्णालये, नियंत्रण कक्ष, निवारे. तोवर ट्रकवरचे फिरते टॉवर, दोरीने बांधून हवेत तरंगत ठेवलेले ड्रोन यांनी वेळ निभावतात. प्वेर्तो रिकोत २०१७ मध्ये उंच आकाशातल्या फुग्यांवरूनही काही काळ इंटरनेट दिले गेले. मला स्वतःला जपानचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. २०११ नंतर तिथल्या एका कंपनीने देशभरात सुमारे १०० मोठी केंद्रे बांधली. प्रत्येकाचा टप्पा सात किलोमीटर, विजेची आणि जोडणीची सोय पक्की. एरवी ती गप्प असतात. खालचे लहान टॉवर गेले की जागी होतात.

घरासाठी वॉकीटॉकी घेऊन ठेवावेत का?

गल्लीत, इमारतीत, शेजारच्या वस्तीशी बोलायला घ्या. खोक्यावर कितीही किलोमीटर छापलेले असोत, वस्तीत टप्पा काहीशे मीटर ते एखाद-दोन किलोमीटर एवढाच धरा. आपल्या देशात विनापरवाना कोणत्या फ्रिक्वेन्सी चालतात ते विकत घेण्याआधी पाहा. साध्या पेन्सिल सेलवर चालणारे घ्या, म्हणजे वीज नसतानाही सेल बदलता येतात. चॅनेल आणि वेळ आधी ठरवा : उदाहरणार्थ, दर तासाची पहिली पाच मिनिटे सगळ्यांनी संच चालू ठेवून ऐकायचे आणि एरवी बंद ठेवायचे. चॅनेलचा आकडा चिकटपट्टीवर लिहून संचाच्या पाठीवर लावा.